चतुराच्या डोळ्यातला काळा ठिपका

चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचं पाप आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या खात्यावर आहे. (शेपटी म्हणजे खरं तर त्याचं पोट, पण तेव्हा कोणाला माहीत होतं!) त्या मानाने आता कॅमेरा घेऊन त्याच्या मागे फिरणं बरंच सभ्यपणाचं.

गेल्या सप्टेंबरात पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठी सकाळी साडेसहाला गवतात आडवा पडलो होतो. समोर गवताच्या पात्यावर हिरवट-काळा चतुर, पंखांवर दवाचे थेंब. इतक्या लवकर जाण्याचं कारण साधं आहे: चतुराचं रक्त थंड. ऊन अंगावर पडून छातीतले स्नायू गरम होईपर्यंत त्याला नीट उडताच येत नाही. पंधरा सेंटिमीटरवर लेन्स नेली तरी तो बसून राहतो. काही जण यासाठी किडे फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात. मला तो प्रकार मुळीच पटत नाही. पहाट तेच काम फुकटात करते.

मॅक्रो म्हणजे किडा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकारात उमटणं. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे पूर्ण मॅक्रोत गेलं की पंख पसरलेला चतुर त्यात मावतच नाही, फक्त डोकं आणि छाती येते. पण खरी गोची फोकसच्या खोलीची. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटरचा पापुद्रा फोकसमध्ये राहतो. डोळा धारदार आला की पंखाचं टोक गेलंच म्हणून समजा. आणखी बंद करावं, तर छिद्रातून वाकणाऱ्या प्रकाशामुळे सगळंच फोटोभर मऊ पडतं. म्हणून मग फोकस किंचित पुढेमागे सरकवत वीसेक फोटो काढायचे आणि संगणकावर त्यांची धारदार पट्टी-पट्टी जोडायची, त्यालाच स्टॅकिंग म्हणतात. मध्ये वारा आला की सगळं मुसळ केरात. प्रकाशाचंही तसंच, इतक्या जवळ गेल्यावर सेन्सरपर्यंत तो पाव हिस्साच पोचतो. म्हणून फ्लॅश लागतो, आणि फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर, नाहीतर डोळ्यावर पांढरा फट्ट डाग.

घरी येऊन त्या सकाळचे फोटो मोठे करून पाहिले. डोळ्याच्या खालच्या, फिकट भागात एक काळा ठिपका. मी डावीकडून काढलेल्या फोटोत ठिपका डावीकडे, उजवीकडून काढलेल्यात उजवीकडे. जणू चतुर माझ्याकडेच बघत होता! तर तसं नाही. त्याला बाहुली नसतेच. मोठ्या चतुरांच्या एकेका डोळ्यात साधारण तीस हजारांपर्यंत बारीक नेत्रिका असतात, आणि प्रत्येक नेत्रिका म्हणजे एका ठरावीक दिशेला रोखलेली नळी. ज्या नळ्यांची तोंडं नेमकी माझ्या लेन्सकडे होती, त्यांत शिरलेला प्रकाश तळाशी शोषला गेला, म्हणून त्या काळ्या दिसल्या. शेजारच्या नळ्यांत तिरका पडलेला प्रकाश फिकट रंगद्रव्यावरून परत आला. हा ठिपका जिथे मोठा दिसतो, तिथे जास्त नळ्या एकाच दिशेला रोखलेल्या, म्हणजे नजर तीक्ष्ण.

हे कळल्यावर माझी जवळ जायची पद्धत बदलली. इतक्या नळ्यांसमोरून आडवं हललं, की प्रतिमा एका नळीतून दुसरीत सरकते आणि चतुर उडतो. सरळ रेषेत हळूहळू पुढे गेलं, तर तुम्ही त्याच जागी जरासे मोठे होत जाता, एवढंच. गंमत म्हणजे चतुर स्वतःही दुसऱ्या चतुरावर जाताना अशी युक्ती वापरतात.

उडाला तरी हताश होऊ नका. फांदीवर बसून शिकार करणारे बहुतेक चतुर त्याच काडीवर परत येतात. रिकाम्या काडीवर फोकस लावून थांबायचं. दुपारी मात्र ऑक्टोबर हीटमध्ये तो पोट सरळ सूर्याकडे उभं करतो. कमीत कमी अंग उन्हाला मिळावं म्हणून. फोटो नाट्यमय येतो, पण तेव्हा किडा त्रासात असतो.

पावसाळ्यानंतर मैदानांवर घिरट्या घालणाऱ्या पिवळसर ‘पँटाला’ नावाच्या चतुरांचं वेगळंच. ते बसतातच क्वचित. भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडत ते पूर्व आफ्रिकेला जात असावेत, अशी मांडणी मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये केली. माझ्याकडे त्यांचा एकही धड फोटो नाही.

तलावावर जायला नको अशांसाठी घरचाच पर्याय आहे. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा नावाचा करडा-काळा चतुर पंख चिकटवून बसतो. मूळचा कातळातल्या डबक्यांचा, पण सिमेंटच्या टाकीलाही तो डबकंच समजतो आणि तिथेच अंडी घालतो. परवा त्याच्यासमोर लेन्स लावून बसलो होतो, तर वॉचमनकाका आले.

“काय आहे सर, पाल?”

“नाही काका, चतुर.”

“कुठंय?”

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. पंखांच्या टोकाशी पांढऱ्या कडांचा काळा ठिपका, चेहऱ्यावर बारीक केस. काकांनी पडद्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. शेवटी बोट दाखवायला ते पुढे झाले, तेवढ्यात भिंतीचा एक तुकडा उडून टाकीपलीकडे गेला.