सिनॅगॉग कौन्सिल ऑफ अमेरिका

अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह व रिफॉर्म या तिन्ही ज्यू पंथांच्या सिनॅगॉग-संघांनी (सिनॅगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आणि रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) संघटनांनी मिळून चालवलेली शिखर संस्था. स्थापना १९२६, विसर्जन १९९४. धर्माच्या बाबतीत एकमेकांचे अधिकार न मानणारे तीन पंथ सरकार, न्यायालये आणि ख्रिस्ती चर्चसंघटना यांच्यासमोर मात्र एकत्र उभे राहत. हे त्यांना जवळजवळ सात दशके साधले. त्यामागची युक्ती साधी होती: घरातल्या वादांना या बैठकीत हातच लावायचा नाही.

अमेरिकेत ब्रिटनसारखा कोणी मुख्य रब्बी नाही. प्रत्येक सिनॅगॉग म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चाललेली स्वतंत्र मंडळी. रब्बी नेमणे, त्याला काढणे, इमारत बांधणे हे सर्व तीच ठरवते. अशा मंडळ्यांचे पंथवार संघ पुढे तयार झाले. रिफॉर्म पंथाची युनियन ऑफ अमेरिकन हिब्रू काँग्रिगेशन्स १८७३ मध्ये, ऑर्थोडॉक्स युनियन १८९८ मध्ये आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाची युनायटेड सिनॅगॉग १९१३ मध्ये निघाली. रब्बींच्या संघटना वेगळ्या. त्यांपैकी रिफॉर्म रब्बींची सेंट्रल कॉन्फरन्स १८८९ मधली, कॉन्झर्व्हेटिव्हांची रब्बिनिकल असेंब्ली १९०१ मधली, तर ऑर्थोडॉक्स रब्बिनिकल कौन्सिल १९३५ मधली. पंथांमधले मतभेद वरवरचे नव्हते. ऑर्थोडॉक्स ज्यूंच्या दृष्टीने तोरातील (ज्यू धर्मग्रंथातील) आणि तिच्यावर आधारलेल्या परंपरेतील नियम आजही जसेच्या तसे बंधनकारक. रिफॉर्म पंथाने खाण्यापिण्याचे निर्बंध ऐच्छिक मानले, प्रार्थना बऱ्याच अंशी इंग्रजीत आणली, स्त्री-पुरुषांना एकत्र बसवले. कॉन्झर्व्हेटिव्ह या दोहोंच्या मध्ये. विवाह, घटस्फोट आणि धर्मांतर या तीन बाबतींत तर ऑर्थोडॉक्स रब्बी रिफॉर्म रब्बीचा निवाडा ग्राह्य धरतच नसत.

मग एकत्र येण्याची गरज का भासली? उत्तर ज्यू समाजाच्या बाहेर आहे. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळपास बंद केली होती, कू क्लक्स क्लॅन ही वंशद्वेषी संघटना भरात होती आणि मोटार कारखानदार हेन्री फोर्डचे वृत्तपत्र ज्यूंविरुद्ध विष ओकत होते. प्रॉटेस्टंटांच्या वतीने बोलायला चर्चेसची फेडरल कौन्सिल होती, कॅथलिकांच्या वतीने बिशपांची परिषद होती. ज्यूंच्या वतीने बोलत ते बहुधा वकील, व्यापारी आणि बँकर यांच्या समित्या: अमेरिकन ज्यूइश कमिटी, अमेरिकन ज्यूइश काँग्रेस वगैरे. धर्माचा विषय निघाला की धर्मसंस्थेचाच माणूस समोर असावा, असे रब्बींना वाटू लागले. वॉशिंग्टनमधील रिफॉर्म रब्बी एब्रम सायमन यांनी पुढाकार घेतला आणि कौन्सिलचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

पुढे स्थिरावलेली रचना अशी: तीन पंथ, प्रत्येकाची एक सिनॅगॉग-संघटना आणि एक रब्बी-संघटना, एकूण सहा घटक. अध्यक्षपद पंथांमध्ये फिरते. कळीची तरतूद होती नकाराधिकाराची. सहांपैकी एकीने जरी ‘नाही’ म्हटले, तरी ठराव बारगळे. या तरतुदीशिवाय ऑर्थोडॉक्स संघटना आत आल्याच नसत्या. आणि तिच्यामुळेच कौन्सिल अनेकदा गप्प बसली. तिचे बरेच टीकाकार या दोन गोष्टींपैकी एकच लक्षात ठेवतात.

सहकार्य प्रत्यक्षात कसे चाले याचा उत्तम नमुना मात्र या कौन्सिलबाहेर, दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्यात सापडतो. सैन्यातील ज्यू धर्मगुरूंची निवड आणि देखरेख नॅशनल ज्यूइश वेलफेअर बोर्डाची एक समिती करी. तिच्यावर तिन्ही पंथांचे रब्बी होते. तीनशेहून अधिक ज्यू धर्मगुरू त्या काळात गणवेशात होते. छावणीत एकच रब्बी असे. त्याच्यासमोर बसणारे सैनिक मात्र तिन्ही घरचे. शब्बाथच्या (साप्ताहिक विश्रांतीच्या) दिवशी काय चालेल, दफन कसे करावे, कोणती प्रार्थना म्हणावी, असे प्रश्न आघाडीवरून येत. त्यांची उत्तरे द्यायला तिघांची उपसमिती नेमली गेली. पिट्सबर्गच्या रोडेफ शालोम मंडळीचे रिफॉर्म रब्बी सॉलोमन फ्रीहॉफ, न्यूयॉर्कचे ऑर्थोडॉक्स रब्बी लिओ युंग आणि पार्क ॲव्हेन्यू सिनॅगॉगचे कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बी मिल्टन स्टाइनबर्ग. (मुंबईतील पुरोगामी ज्यू मंडळीच्या सिनॅगॉगचे नावही रोडेफ शालोमच. १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ज्यूइश रिलिजस युनियनचे ते सिनॅगॉग. तिची प्रेरणा मात्र अमेरिकेची नव्हे, लंडनच्या लिबरल ज्यूंची.) या तिघांनी दिलेले निर्णय युद्धानंतर छापले गेले. शांततेच्या काळात तिघे एका धर्मनिर्णयावर सही करतील अशी कल्पनाही कोणी केली नसती. ‘आणीबाणीपुरते’ या एका अटीवर ते शक्य झाले.

३ फेब्रुवारी १९४३ रोजी ‘डॉर्चेस्टर’ हे सैनिकवाहू जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यावरील चार धर्मगुरूंनी आपली जीवरक्षक जाकिटे सैनिकांना देऊन टाकली आणि जहाजाबरोबर प्राण सोडले. दोन प्रॉटेस्टंट, एक कॅथलिक आणि चौथे रिफॉर्म रब्बी अलेक्झांडर गुड. १९४८ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. लोकसंख्येत जेमतेम तीन-साडेतीन टक्के असलेला ज्यू धर्म अमेरिकेचा ‘तिसरा धर्म’ म्हणून गणला जाऊ लागला, तो याच काळात. सार्वजनिक समारंभात एक प्रॉटेस्टंट पाद्री, एक कॅथलिक धर्मगुरू आणि एक रब्बी ही त्रयी ठरून गेली. त्या तिसऱ्या खुर्चीवर कोणाला बसवायचे हे ठरवायला एक कार्यालय लागे आणि ते कौन्सिलचे होते.

कौन्सिलचे सर्वांत टिकाऊ काम धर्म आणि शासन यांच्या फारकतीबाबतचे. सरकारी शाळांमध्ये त्या काळी प्रार्थना, बायबल वाचन, ख्रिसमसचे कार्यक्रम सर्रास चालत. इलिनॉयमधील शँपेन गावात तर धर्मशिक्षक शाळेच्याच वर्गात, शाळेच्याच वेळेत शिकवायला येत. व्हाश्टी मॅककॉलम या आईने आपल्या मुलासाठी त्याविरुद्ध दावा लावला. बाई उघडपणे नास्तिक होत्या. त्यांची बाजू घेतली तर ‘ज्यू हे धर्माचेच शत्रू’ असा बोभाटा होणार, ही भीती खरी होती. म्हणूनच सामाजिक संघटनांच्या समन्वय मंडळाबरोबर सिनॅगॉग कौन्सिलनेही न्यायालयाला निवेदन दिले, याला महत्त्व होते. रब्बींचीच संघटना असे म्हणते म्हटल्यावर अधार्मिकतेचा आरोप पोकळ ठरे. निवेदनामागचा मुख्य हात अमेरिकन ज्यूइश काँग्रेसचे वकील लिओ फेफर यांचा. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल मॅककॉलमबाईंच्या बाजूने दिला.

पुढचा मोठा खटला न्यूयॉर्कचा, एंगेल विरुद्ध व्हिटाले. राज्याच्या शिक्षण मंडळाने कोणत्याही पंथाला खटकू नये म्हणून स्वतःच २२ इंग्रजी शब्दांची एक प्रार्थना रचली होती: हे सर्वशक्तिमान ईश्वरा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत हे मान्य करतो, आणि आमच्यावर, आमच्या आईवडिलांवर, शिक्षकांवर व देशावर तुझी कृपा असू दे. ज्यू धर्माच्या दृष्टीने यात आक्षेपार्ह काहीच नाही. तरीही कौन्सिल विरोधात उभी राहिली, कारण प्रार्थना कोणती यापेक्षा ती कोणी लिहिली हा प्रश्न तिला मोठा वाटला. २५ जून १९६२ रोजी न्यायालयाने ती प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी शाळेतील बायबल वाचनही गेले. सर्व ज्यूंना हे पटले असे नाही. ब्रुकलिनचे ल्युबाविच या कडव्या ऑर्थोडॉक्स गटाचे प्रमुख मेनाखेम श्नेयरसन यांना शाळेत मुलांनी देवाचे नाव घेतले तर ते हवेच होते. पण ते कौन्सिलमध्ये नव्हते.

त्याच सुमारास वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात कौन्सिल दिसते. जानेवारी १९६३ मध्ये शिकागोला ‘धर्म आणि वंश’ या विषयावर राष्ट्रीय परिषद भरली. प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू अशा तीन यजमानांपैकी एक सिनॅगॉग कौन्सिल. न्यूयॉर्कच्या कॉन्झर्व्हेटिव्ह धर्मविद्यालयातील प्राध्यापक अब्राहम जोशुआ हेशल यांनी भाषणाची सुरुवातच अशी केली की या विषयावरच्या पहिल्या परिषदेत प्रमुख सहभाग फेरो (इजिप्तचा राजा) आणि मोझेस (त्याच्या गुलामीतून ज्यूंना सोडवणारा नेता) यांचा होता. हेशल आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची ओळख तिथेच झाली. ऑगस्टमध्ये नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनचा मोर्चा निघाला. त्या दिवशीचे ज्यू वक्ते म्हणून अमेरिकन ज्यूइश काँग्रेसचे योआखिम प्रिंझ आजही आठवले जातात. त्याच व्यासपीठावर प्रार्थना म्हणायला उभे राहिलेले उरी मिलर मात्र कोणाच्या फारसे लक्षात नाहीत. बाल्टिमोरचे हे ऑर्थोडॉक्स रब्बी तेव्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते. लाखो लोकांसमोर एक ऑर्थोडॉक्स रब्बी रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह ज्यूंच्याही वतीने प्रार्थना म्हणतो, ही गोष्ट तेव्हा कोणाला वेगळी वाटली नसावी, आज वाटेल.

कारण इतर पंथांबरोबर असे एकत्र बसावे का, यावर ऑर्थोडॉक्स गोटात तोपर्यंत फूट पडली होती. युरोपातील नाझींच्या ज्यूसंहारातून वाचलेले, येशिवांतून (पारंपरिक धर्मशाळांतून) घडलेले विद्वान अमेरिकेत स्थिरावल्यावर वातावरण कडक झाले. १९५६ मध्ये आरन कोटलर, मोशे फाइनस्टाइन, यित्झाक हुटनर यांच्यासह अकरा येशिवाप्रमुखांनी फतवाच काढला: रिफॉर्म व कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बी सभासद असलेल्या संस्थांत ऑर्थोडॉक्स रब्बीने बसणे निषिद्ध. नाव घेऊन सांगितलेल्या दोन संस्थांपैकी एक सिनॅगॉग कौन्सिल, दुसरी न्यूयॉर्कचे रब्बी मंडळ. एकत्र बसल्याने त्यांना रब्बी म्हणून मान्यता मिळते, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्यात तर्कदोष नव्हता.

येशिवा विद्यापीठाचे योसेफ दोव सोलोवेचिक यांनी मात्र त्यावर सही केली नाही. रब्बिनिकल कौन्सिलचे सभासद त्यांच्या शब्दाबाहेर नसत. त्यांनी भेद केला तो बाहेरच्या आणि आतल्या प्रश्नांचा. ज्यूंच्या हक्कांचा, सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे एकत्र जावे. नाझींनी मारताना पंथ विचारला नव्हता. धर्माचरणाच्या प्रश्नात मात्र भागीदारी नाही. ऑर्थोडॉक्स युनियन आणि रब्बिनिकल कौन्सिल या आधारावर राहिल्या. ख्रिस्ती धर्मसंस्थांशी बोलण्याबाबतही सोलोवेचिक यांनी १९६४ मध्ये अशीच रेघ ओढली: समाजहिताच्या विषयांवर संवाद करावा, श्रद्धेच्या गाभ्यावर नाही. १९७० मध्ये व्हॅटिकनशी बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय ज्यू समिती स्थापन झाली तेव्हा सिनॅगॉग कौन्सिल तिची एक घटक होती. या दालनात ऑर्थोडॉक्स प्रतिनिधी आले ते कौन्सिलच्याच दारातून.

पण ‘बाहेरचा’ प्रश्न कोणता हे ठरवणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. ऑर्थोडॉक्सांनी स्वतःच्या पूर्णवेळ शाळा काढल्या होत्या आणि त्यांचा खर्च पालकांना झेपत नव्हता. १९६५ च्या शिक्षण कायद्याने खासगी शाळांतील मुलांना काही सरकारी मदत मिळण्याची वाट उघडली. ऑर्थोडॉक्सांना ती हवी होती, बाकीच्यांना तिच्यात फारकतीच्या भिंतीला पडलेले खिंडार दिसले. त्याच वर्षी ऑर्थोडॉक्स वकिलांनी आपली वेगळी कायदेसंस्था काढली. ज्या विषयावर कौन्सिलचा आवाज सर्वांत ठाम होता, तिथेच आता एकमत उरले नाही. १९८० च्या दशकात रिकन्स्ट्रक्शनिस्ट हा चौथा, लहान पंथ सभासदत्व मागू लागला, तेव्हा नकाराधिकार वापरून त्याला बाहेर ठेवले गेले. १९८३ मध्ये रिफॉर्म रब्बींनी, वडील ज्यू आणि आई ज्यू नसलेले मूलही ज्यू धर्मात वाढवले तर ज्यू मानायचे ठरवले. परंपरेने ज्यूपण आईकडून ठरत असल्याने आता ‘ज्यू कोण’ यावरच दुमत झाले. त्यात पैशाची चणचण. स्वतःचा पैसा आणि कर्मचारी असलेल्या सामाजिक संघटनांपुढे कौन्सिल नेहमीच गरीब होती. १९९४ मध्ये ती बंद झाली.

तिच्यानंतर रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह संघटनांनी नॅशनल कौन्सिल ऑफ सिनॅगॉग्ज स्थापन केली. ऑर्थोडॉक्स तिच्यात नाहीत. अमेरिकेचे कॅथलिक बिशप आता ज्यूंशी दोन वेगळ्या बैठका घेतात, एक या कौन्सिलबरोबर आणि एक ऑर्थोडॉक्स युनियन व रब्बिनिकल कौन्सिलबरोबर.