वायनरीतली नोकरी म्हणजे दिवसभर पिणं?

"पोरगं वायनरीत लागलं, आता दारूडं होणार." नाशिक, दिंडोरीकडे हे वाक्य अजून ऐकू येतं. जोडीला दुसरा समजही असतो: या धंद्यात शेवटी ग्लास भरण्याचंच काम.

आधी चाखण्याचं बोलू. चव पाहणारा वाइन तोंडात घोळवतो आणि थुंकतो. त्यासाठी समोर भांडंच ठेवलेलं असतं. सकाळभरात तीस-चाळीस नमुने पाहायचे, तर गिळून चालेल कसं? नाक आणि जीभ ठिकाणावर हवी. (नवख्याला नेमकं थुंकणंच जमत नाही, शर्ट मात्र रंगतो!)

खरं काम पिंपांच्या आधी, द्राक्षमळ्यात सुरू होतं. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, झाली की जानेवारी ते मार्च तोडणीची धांदल. तेव्हा कुणीतरी रोज मण्यांची साखर आणि आम्लता मोजतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होतं, आणि मणी पिकतात तशी साखर वाढते, म्हणजे चार दिवस उशीर केला तरी वाइन बदलते. मग यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करतं ते), टाक्यांचं तापमान, प्रयोगशाळा. उत्पादन शुल्काच्या नोंदी सांभाळणारा माणूसही लागतोच. आणि धुणं! टाक्या, पाइप, फरशी. शिकाऊ वाइनमेकरचा निम्मा दिवस त्यातच जातो.

ग्लास भरण्याच्या कामालाही कमी लेखू नका. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ मध्ये 'मास्टर ऑफ वाइन' झाल्या, हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्यासाठीची परीक्षा लेखी तर आहेच, शिवाय लेबल न दाखवता दिलेल्या वाइन ओळखाव्या लागतात.