जुन्या पिकअपचा पुढचा अॅक्सल कापण्याआधी टेपने मोजून बघा

माझ्या एका मित्राकडे १९५१ ची शेवरले ३१०० आहे. तीच ती, गोल नाकाची, फुगीर फेंडरवाली पिकअप. उभी असली की नजर हटत नाही, आणि चालवायला बसलं की रस्त्याच्या प्रत्येक जोडावर आपले मणके मोजून होतात, वर स्टिअरिंग हातातल्या हातात नाचतं ते वेगळंच. मध्ये एकदा त्याचा फोन आला, "अरे ठरलं, अॅक्सल कापून टाकतोय, मस्टँग टूचं किट मागवतोय, सगळ्यात स्वस्त शोधून ठेवलंय." मस्टँग टू म्हणजे फोर्डची एक जुनी कार, तिच्यासारख्या पुढच्या सस्पेन्शनचं तयार किट मिळतं. म्हटलं थांब, ग्राइंडर खाली ठेव आणि आधी मोजायची टेप घेऊन गाडीखाली जा.

आता ह्या गाड्यांच्या पुढे असतं काय? एक सरळ लोखंडी दांडा, म्हणजे आय बीम अॅक्सल, त्याच्या दोन टोकांना किंगपिनवर, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या खिळीवर, चाकं, आणि त्यावर दोन बाजूंना पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्या रचून केलेल्या स्प्रिंगा. बास. फोर्डच्या एफ-१०० मध्येही १९६४ पर्यंत हेच होतं. गंमत अशी की जनरल मोटर्सने आपल्या कारना इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं, दिलं १९३४ साली, आणि शेवरलेच्या पिकअपला ते मिळायला १९६० उजाडलं. म्हणजे सव्वीस वर्षं पिकअपवाले दांड्यावरच बसून होते, कारण पिकअप हे कामाचं जनावर, त्याच्या पाठीवर माल बसला पाहिजे, ड्रायव्हरच्या पाठीचं नंतर बघू.

तर टेप कशासाठी. स्प्रिंगवर ठेवलेलं कुठलंही वजन वरखाली हलतं तेव्हा त्याचा स्वतःचा एक ठेका असतो. हा ठेका काढायला स्प्रिंगचा कडकपणा माहीत नसला, गाडीचं वजन माहीत नसलं तरी चालतं. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबलीय एवढं कळलं की झालं. दबलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा, सेकंदाला किती हेलकावे ते आलं. २५ सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला १, चारच सेंटिमीटर दबली असेल तर अडीच. गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे सारखंच असल्याने वजन आणि कडकपणा एकमेकांना खाऊन टाकतात आणि शेवटी फक्त लांबी उरते. मला अजूनही हे भारी वाटतं, एवढ्या मोठ्या धुडाचा स्वभाव एका शिंप्याच्या टेपवर कळतो.

हल्लीच्या आरामदायक कार सेकंदाला १ ते दीड ह्या हिशोबात बसतात. दोनच्या वर गेलं की अंग हादरायला लागतं.

मित्राने सांगितल्याप्रमाणे केलं. गाडी पुढून दोन-चार वेळा दाबून सोडली, म्हणजे अडकलेले पाटे मोकळे होऊन नेहमीच्या उंचीवर बसतील, मग फ्रेम आणि अॅक्सलमधलं अंतर मोजलं, मग शॉकअपचा खालचा बोल्ट काढून फ्रेम जॅकने उचलत गेला, चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत, आणि परत मोजलं. फरक आला साडेसहा सेंटिमीटर. हिशोब केला तर सेकंदाला जवळपास २. थोडं इकडे-तिकडे होतं ह्यात, कारण पाट्याला अॅक्सलचं वजन लटकलेलं असतं, पण अंदाज यायला पुरे. म्हणजे गाडी कडक आहे खरी, पण फोनवर तो जेवढी सांगत होता तेवढी असायचं कारण नव्हतं. मग बाकीचे गचके कुठून येत होते?

घासण्यातून. पाटे एकावर एक रचलेले असतात, चाक वर गेलं की ते एकमेकांवर घसरतात, आणि सत्तर वर्षांचा गंज मध्ये बसला की घसरतच नाहीत. मोठा खड्डा आला तर जोर जास्त असतो त्यामुळे पाटे सुटतात आणि वाकतात, पण बारीक उंचवट्याला तेवढा जोरच नसतो, मग अख्खा पाटा एका घन लोखंडी ठोकळ्यासारखा वागतो आणि तो धक्का जसाच्या तसा सीटखाली येतो. म्हणून अशा गाड्यांत खड्ड्यापेक्षा चांगल्या रस्त्यावरचा खरखरीतपणा जास्त त्रास देतो. मित्राच्या गाडीचे पाटे उघडले तेव्हा मधल्या दोन पाट्यांत स्क्रूड्रायव्हरही शिरेना, छिन्नी घालावी लागली. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक फ्रेमला जोडणाऱ्या कडीचे, बुश तर अंडाकृती झालेले. ह्या गाडीला नवीन सस्पेन्शन नको होतं, आधी जुनं सस्पेन्शन हलायला हवं होतं.

स्टिअरिंग नाचण्याचं कारण वेगळं आहे आणि ते करून बघण्यासारखं आहे. सायकलचं पुढचं चाक काढा, दोन्ही हातांनी त्याचा अॅक्सल धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग एक हात वर उचला. चाक नुसतं तिरकं होत नाही, हाताला हिसका देऊन बाजूला वळायला बघतं. फिरणाऱ्या भोवऱ्याचाच गुण तो. आता एकाच दांड्यावर दोन चाकं आहेत असं समजा, डावं चाक उंचवट्यावर चढलं की दांडा तिरका, म्हणजे उजवं चाकही तिरकं, दोघंही वळायला बघणार, आणि किंगपिन झिजलेली असेल तर त्यांना मोकळं रानच मिळालं. मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर १९३० मध्ये रोल्स-रॉइस सोडून जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे आला, त्याला पुढच्या स्प्रिंगा मऊ करायच्या होत्या, आणि सरळ अॅक्सलवर त्या मऊ केल्या की हेच चाकांचं थरथरणं डोकं वर काढायचं. शेवटी अॅक्सलच काढावा लागला. म्हणजे १९३४ च्या त्या इंडिपेंडंट सस्पेन्शनचा खरा फायदा हा, की चाकं एकमेकांपासून सुटली आणि त्यामुळे स्प्रिंग मऊ करायची परवानगी मिळाली.

हे लक्षात आलं की स्वस्तातला पहिला पर्याय दिसतो. नवीन किंगपिन आणि बुश, कमी पाट्यांच्या नवीन कमानी किंवा जुने पाटे साफ करून मध्ये घसरत्या प्लास्टिकच्या पट्ट्या, चांगले शॉकअप, आणि कॅस्टरचं पाचर. हे शेवटचं कुणी सांगत नाही आणि सगळ्यात स्वस्त तेच आहे. ह्या गाड्या बनल्या बायस-प्लाय, म्हणजे जुन्या तिरक्या धाग्यांच्या टायरसाठी, आज आपण लावतो रेडियल, आणि रेडियलला गाडी सरळ धावायला जास्त कॅस्टर लागतो, म्हणजे किंगपिनचं वरचं टोक आणखी मागे झुकलेलं लागतं. पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये दोन ते चार अंशांचं पाचर सारायचं, अॅक्सल पाट्याच्या खाली असतो त्यामुळे जाड बाजू मागे. उलटं बसवलं तर गाडी आणखी भरकटेल, मग मला शिव्या घालू नका. आणि पाटे काढून काढून अगदी एक-दोनवर आणायचा मोह आवरा, विशेषतः पुढे डिस्क ब्रेक लावणार असाल तर, कारण ब्रेक मारला की अॅक्सल पुढच्या बाजूला पिळला जातो आणि तो पीळ अडवणारे ते पाटेच असतात.

एवढं करून किती सुधारतं? बरंच. पण एक चाक चढलं की दुसरं तिरकं होणार हे राहतंच, अॅक्सलचं सगळं वजन स्प्रिंगच्या खाली राहतं हेही राहतंच. हायवेवर रोज चालवायचीय, मोठं इंजिन टाकायचंय, वळणावर विश्वास पाहिजे, तर मग खरंच इंडिपेंडंटकडे जावं लागतं.

तिथे सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, मस्टँग टू. फोर्डने १९७४ ते १९७८ विकलेली ती छोटी मस्टँग, कार म्हणून तिची पुढे बरीच टिंगल झाली, पण तिचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर होतं, वर-खाली दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, तेही इंजिनच्या पुढे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइल पॅनच्या आड येत नाही. आता भंगारात मूळ गाड्या जवळपास संपल्या, किटमध्ये मिळतं ते सगळं नव्याने बनवलेलं. मूळ डिझाइनमध्ये खालचा आर्म अरुंद होता आणि ब्रेकचा जोर घ्यायला त्याला एक वेगळी तिरकी स्ट्रट रॉड होती. बऱ्याच किटमध्ये ती रॉड काढून खालचा आर्म रुंद केलेला असतो, दिसायला सुटसुटीत, पण मग तो सगळा जोर क्रॉसमेंबरवर, म्हणजे फ्रेमच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुळईवर, येतो, म्हणून स्वस्त किट बघताना क्रोम-पावडर कोटिंग बघू नका, आर्म जिथे क्रॉसमेंबरला जोडतात तिथला पत्रा किती जाड आहे आणि मागून टेकू आहे का ते बघा. ती गाडी हलकी होती, तुमचा ट्रक आणि त्यातलं बिडाचं सहा सिलिंडर इंजिन हलकं नाही.

स्प्रिंग निवडताना इथे लोक हमखास फसतात. लिस्टमध्ये लिहिलेलं असतं इंचाला ३५० पौंड, आणि आपण म्हणतो बापरे केवढी कडक. पण स्प्रिंग चाकावर बसत नाही, आर्मवर मध्येच कुठेतरी बसते. समजा बरोबर अर्ध्यावर बसली, तर चाकाचा जोर स्प्रिंगला दुप्पट लागतो आणि चाक एक इंच हललं तर स्प्रिंग अर्धाच इंच दबते, म्हणजे तरफेचा फटका दोनदा, आणि चाकाला ३५० चे उरतात जेमतेम ८८. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा स्प्रिंगचा आकडा उचलून स्वतःला लावू नका, त्याच्या आर्मची लांबी वेगळी असेल तर तो आकडा काही सांगत नाही.

दुसरा स्वस्त रस्ता म्हणजे फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, २००३ ते २०११ ची. पोलिस आणि टॅक्सीवाल्यांनी इतक्या वापरल्या की भंगारात पुढचा अख्खा क्रेडल मिळतो, स्टिअरिंग रॅक, मोठे डिस्क ब्रेक, आर्म, सगळं एकत्र, आणि मूळ गाडीच इतकी वजनदार की पार्ट ट्रकला कमी पडत नाहीत. पेच दोन आहेत. एक, क्रॉसमेंबर अॅल्युमिनियमचा आहे, लोखंडी फ्रेमला वेल्ड होत नाही, प्लेटा बनवून बोल्टनेच बसवायचा. दोन, तो रुंद आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या रुंद एफ-१०० खाली छान लपतो, पण मित्राच्या ३१०० सारख्या अरुंद फेंडरच्या गाडीत चाकं कानासारखी बाहेर येतात.

शेवरले कॅमॅरो कारचा पुढचा भाग कापून जोडणं किंवा अख्खी बॉडी शेवरलेच्याच छोट्या एस-१० पिकअपच्या फ्रेमवर ठेवणं हेही लोक करतात. एस-१० च्या लांब मॉडेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११७.९ इंच, ३१०० चा ११६, त्यामुळे कागदावर फारच सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक ब्रॅकेट नवीन. वेळ भरपूर असेल तर करा.

आणि तुमची शेवरले १९६३ ते १९७२ ची असेल तर हे सगळं विसरा, तिला कॉइल स्प्रिंग आणि कंट्रोल आर्म आधीच आहेत, १९७३ ते १९८७ च्या पिकअपचा क्रॉसमेंबर डिस्क ब्रेकसकट तिच्या फ्रेमला कमी कटकटीत बसतो. १९६५ पासूनच्या फोर्डच्या ट्विन आय बीमवाल्यांनी (पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळा दांडा) एवढंच ध्यानात ठेवावं की तिथे चाक एका लांब दांड्याच्या टोकावर कमानीत फिरतं, दांडा ३६ इंचांचा धरला तरी इंचामागे दीडेक अंश कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो, म्हणून नुसती छोटी स्प्रिंग टाकून गाडी बसवली की टायर आतल्या कडेने खाऊन जातात.

किटच्या किमतीत न दिसणारा खर्च मात्र सगळ्यांना सारखा. मस्टँग टू किंवा क्राउन व्हिक्टोरिया, दोन्हीकडे पुढे सहसा पाच बोल्टची चाकं येतात आणि जुन्या अर्ध्या टनाच्या शेवरलेला मागे सहा बोल्ट, मग एकतर मागचा अॅक्सल बदला नाहीतर दोन जातींची चाकं लावून फिरा. जुनी फ्रेम इंग्रजी सी सारखी उघडी असते, वेल्डिंगआधी ती प्लेट लावून बंद करावी लागते. आणि सगळ्यात महाग चूक फुकटात होते, ती म्हणजे जुना अॅक्सल काढायच्या आधी चाकाचा मध्य फ्रेमवर मार्क न करणं, एकदा अॅक्सल निघाला की फेंडरच्या बरोबर मधोमध चाक कुठे यायचं ते कोणालाच आठवत नाही.

बसवून झाल्यावर स्प्रिंग टाकायच्या आधी एक टेस्ट जरूर करा. डिस्कला एक सरळ फळी आडवी बांधा, खालच्या आर्मखाली जॅक लावा आणि चाक दोन इंच वर, दोन इंच खाली न्या. दर वेळी फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं फ्रेमपासूनचं अंतर मोजा. दोन्ही टोकं बरोबरीने सरकली तर उत्तम. पुढचं टोक आत आणि मागचं बाहेर जायला लागलं तर ह्याचा अर्थ तुम्ही स्टिअरिंग न हलवता रस्त्यावरचा उंचवटा गाडी वळवणार, ह्यालाच बंप स्टिअर म्हणतात. टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंग रॅकपासून चाक वळवणाऱ्या दांडीचा, आतला सांधा साधारण वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर हवा, रॅक दोन्हीकडे इंचभर जरी रुंद किंवा अरुंद लागला तरी हे बिघडतं, आणि अलाइनमेंट मशीनवर ते दिसत नाही कारण तिथे गाडी एका जागी उभी असते.

मित्राने अखेर अॅक्सल ठेवला. किंगपिन, कमी पाट्यांच्या कमानी, शॉकअप आणि तीन अंशांचं पाचर. नंतर परत मोजलं तर नऊ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला १.७ च्या आसपास, आणि आता पाटे हलतातही. स्टिअरिंगवर एक हात ठेवून चालवतो. फक्त पुढचं शांत झाल्यावर रिकामा हौदा मागून किती उडतो ते त्याला पहिल्यांदा जाणवलं, आधी पुढच्या दणक्यांत ते लपून जायचं. काल फोन केला तर म्हणे मागच्या अॅक्सलखाली टेप घेऊन आडवा पडलोय. ग्राइंडर कुठाय विचारलं तर म्हणाला, आहे इथेच, हाताशी.