अलीचा मेंदू काय सांगत होता ते त्याच्या बोलण्यात आधी दिसलं

1969 मध्ये मुहम्मद अलीच्या जॅबचा वेग मोजला होता. जॅब म्हणजे पुढच्या हाताने मारलेला सरळ ठोसा. साडेसोळा इंचांवर, म्हणजे साधारण 42 सेंटीमीटरवर, बाल्सा लाकडाची फळी ठेवली होती आणि मूठ निघाल्यापासून फळीवर पोचेपर्यंत वेळ लागला सेकंदाचा चार शतांश, पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. आता माणसाने डोळ्यांनी काहीतरी बघितलं आणि हात हलवला, एवढ्या साध्या गोष्टीला सेकंदाचे वीस शतांश तरी जातात. म्हणजे हा ठोसा बघून चुकवणं शरीराच्या हिशोबात बसतच नाही. समोरचा बॉक्सर खांद्याची हालचाल, पायावरचं वजन, कोपराचा कोन यावरून आधीच अंदाज बांधतो, आणि तो अंदाज चुकला की संपलं.

अली स्वतःचा बचावही याच अंदाजावर करायचा. हात खाली सोडलेले आणि ठोसा आला की डोकं सरळ मागे घ्यायचं, कुठलाही कोच नवीन पोराला असं करू देणार नाही. पण त्याला अंतराचा एवढा पक्का अंदाज होता की ठोसा नाकाच्या इंचभर पुढे येऊन थांबायचा. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गोल्ड, 1964 मध्ये मायामी बीचला सॉनी लिस्टनला हरवून 22 व्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन, आणि 1967 पर्यंत 29 फाइट्स, 29 विजय. त्या काळातला अली बघताना मला नेहमी त्याचे पाय बघावेसे वाटतात, शंभर किलोच्या आसपासचा माणूस आणि रिंगमध्ये जमिनीला टेकतोय की नाही अशी शंका यावी.

1967 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला, टायटल गेलं, लायसन्स गेलं, आणि 25 ते 28 ही हेवीवेटची सगळ्यात चांगली वर्षं रिंगबाहेर गेली. 1970 मध्ये परत आला तेव्हा डोकं तेच होतं, पाय तेवढे राहिले नव्हते. जो माणूस इंचभराच्या फरकावर जगतो त्याला सेकंदाचे दोन-तीन शतांश कमी पडले तरी घात होतो, पूर्वी हवेत जाणारा ठोसा आता गालावर बसतो. अलीच्या 61 फाइट्सपैकी दुसऱ्या भागात 32 आहेत आणि पाचही पराभव याच भागातले आहेत.

माझ्या मते त्याच्या करिअरमधलं सगळ्यात महाग वळण पराभवाचं नव्हतंच. पाय हळू झाल्यावर त्याला स्वतःबद्दल एक नवीन गोष्ट कळली, की आपण मार खाऊनही उभे राहू शकतो. 1974 मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासाला तेव्हाचा चॅम्पियन जॉर्ज फोरमनविरुद्ध त्याने तेच वापरलं. फोरमन 25 वर्षांचा, 40 पैकी 40 फाइट्स जिंकलेल्या, त्यातल्या 37 नॉकआउट. अली दोरांना टेकून मागे झुकला आणि त्याला मारू दिलं. यात फिजिक्स आहे, दोर मागे ताणला गेला की धक्का जास्त वेळात विभागला जातो आणि त्याचा जोर कमी होतो, शिवाय बरेच ठोसे हातांवर झेलले. आठव्या राउंडला फोरमन दमला आणि पडला. जग खूश झालं, मीही ती फाइट कितीदा बघितली असेल. पण हीच सवय सरावातही होती, स्पॅरिंग पार्टनरना, म्हणजे सरावाला समोर उभ्या राहणाऱ्या बॉक्सर्सना, तो स्वतःला मारू द्यायचा, आणि त्या ठोशांची नोंद कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही.

ठोसा डोक्याला लागतो तेव्हा आत काय होतं ते बघू. 1985 मध्ये फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेटचा ठोसा मोजला होता, मुठीचा वेग सेकंदाला जवळपास 9 मीटर आणि जोर 4000 न्यूटनच्या वर, म्हणजे क्षणभर चारशे किलोच्या वजनाएवढा. मेंदू मऊ असतो आणि कवटीत द्रवात तरंगत असतो. सरळ ठोशापेक्षा हनुवटीवर बाजूने बसलेला हुक जास्त वाईट, कारण डोकं गर्रकन फिरतं, कवटी आधी फिरते, मेंदू मागे राहतो आणि आतले पेशींचे लांब बारीक तंतू ताणले जातात, पिळले जातात. ग्लोव्हज हात वाचवतात, डोकं फिरणं काही थांबवत नाहीत. आणि या सगळ्यासाठी नॉकआउट व्हायची गरजच नसते. बेशुद्ध पडलेल्या माणसाची फाइट निदान थांबते, पण जो पडत नाही तो शेवटच्या राउंडपर्यंत मार खात राहतो.

1928 मध्ये हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने अशा ठोशांनी बॉक्सर्सना होणाऱ्या मेंदूच्या आजारावर पहिल्यांदा नीट लिहिलं. मग 1973 मध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी 15 माजी बॉक्सर्सचे मेंदू मरणोत्तर तपासले. बऱ्याच मेंदूंमध्ये मधला पातळ पडदा फाटलेला किंवा दोन थरांत सुटलेला होता, आणि खालच्या भागातल्या काळसर पेशी, ज्या डोपामिन हे हालचाली सांभाळणारं रसायन तयार करतात, त्या कमी झालेल्या होत्या. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे हात थरथरतात आणि हालचाली मंदावतात त्या मेंदूच्या आजारात, मरतात त्या याच पेशी.

हा पेपर आला 1973 मध्ये. त्यानंतर अलीने मनिलाला जो फ्रेझर या बॉक्सरबरोबर 14 राउंड खेळले, मरणाच्या सगळ्यात जवळ गेलो तो अनुभव हाच असं तो स्वतः नंतर म्हणाला, आणि 1977 मध्ये अर्नी शेव्हर्सचे 15 राउंड खाल्ले. शेव्हर्सचा मार प्रसिद्ध होता. त्या फाइटनंतर अलीचा डॉक्टर फर्डी पाचेको याने किडनीचे खराब रिपोर्ट अली, त्याची बायको आणि ट्रेनर यांना पाठवले, थांबा म्हणून सांगितलं, कोणाचं उत्तर आलं नाही म्हणून तो टीम सोडून गेला.

आता बोलण्याकडे येतो. 2017 मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अलीच्या जुन्या टीव्ही इंटरव्ह्यूंची रेकॉर्डिंग्ज घेऊन तो सेकंदाला किती अक्षरं उच्चारतो ते मोजलं. 1968 ते 1981, म्हणजे वय 26 ते 39, या काळात त्याच्या बोलण्याचा वेग 26 टक्क्यांनी कमी झाला. या वयात निरोगी माणसाचा वेग असा घसरत नाही. शेव्हर्सच्या फाइटच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं तुलना केलं तर एकट्या तेवढ्यातच मोठी घसरण दिसते. पार्किन्सनिझमचं, म्हणजे पार्किन्सन्ससारख्या लक्षणांचं, निदान झालं 1984 मध्ये. बोलायला जिभेचे, ओठांचे, घशाचे, श्वासाचे स्नायू एका तालात चालावे लागतात, तो ताल जरा बिघडला तरी अक्षरं एकमेकांना चिकटतात, म्हणून हात थरथरायच्या कितीतरी आधी बोलणं जड होऊ शकतं.

1980 मध्ये लॅरी होम्सशी फाइट करायच्या आधी त्याची मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली होती. बोट नाकाला लावताना नेम किंचित चुकत होता, एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळता नव्हती, स्कॅनमध्ये त्या मधल्या पडद्यात छोटी पोकळी दिसली पण ती जन्मजात धरली गेली. फाइट थांबवण्यासारखं काही नाही असा निष्कर्ष निघाला आणि लायसन्स मिळालं. होम्सने त्याला 10 राउंड मारलं. हे वाचताना मला अजूनही राग येतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, अलीला पार्किन्सन्स ठोशांमुळेच झाला हे सगळ्यांना मान्य नाही. त्याच्यावर उपचार केलेल्या न्यूरॉलॉजिस्टनी 2022 मध्ये लिहिलं की आजार ज्या गतीने वाढला, शरीराच्या एका बाजूला जास्त होता आणि लेवोडोपा या औषधाने फरक पडत होता, ते पाहता हा कमी वयात सुरू झालेला नेहमीचा पार्किन्सन्स वाटतो. 2016 मध्ये 74 व्या वर्षी तो गेला. ठोशांनी काहीच केलं नाही असा याचा अर्थ मी घेत नाही, मेंदू आधीच कमकुवत होत असेल तर त्यावर वरून मार बसणं किती वाईट हा प्रश्न उरतोच.

वेळ मिळाला तर त्याचा 1968 चा एखादा इंटरव्ह्यू आणि मग लगेच 1981 चा ऐका. पहिल्यात समोरच्याला मध्ये शब्द घालायला जागा मिळत नाही. दुसऱ्यात विनोद तेच आहेत, डोळ्यांतली चमक तीच आहे, फक्त प्रत्येक वाक्य बाहेर यायला थोडं उशीर करतं.