रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अकुशल अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते देण्याचे कायदेशीर बंधन राज्यावर घालणारी योजना, बोलण्यात ‘रोहयो’.

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर भागात केलेला प्रयोग हा योजनेचा आरंभ, असे बहुधा मानतात. १९७२-७३ च्या दुष्काळातील कामे व मजुरांचे लढे यांना काही अभ्यासक अधिक श्रेय देतात. ब्रिटिशकालीन दुष्काळ संहितांशीही (दुष्काळी मदतीच्या सरकारी नियमावल्यांशी) नाते जोडले जाते. परंतु तेथे सरकार चाचणी कामे काढून गरज अजमावी व मग टंचाई जाहीर करी. रोहयोत मजुराची मागणी पुरते. हा फरक मूलभूत असल्याने पागे यांचा प्रयोगच उगम धरणे अधिक सयुक्तिक. औपचारिक प्रारंभ १ मे १९७२ चा. मात्र लगेच दुष्काळी कामांनी ती झाकोळली आणि तिला खरी गती साधारण १९७४ नंतर आली. अधिनियम १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला.

मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देय असतो. त्यासाठी अर्जाची तारखेसह पोच हवी; पोच नसेल तर मागणीच सिद्ध होत नाही, आणि भत्ते बुडतात ते बहुतेक येथेच.

मातीकामाची मजुरी हजेरीवर नव्हे, मोजमापावर ठरते. ३ मी. × ३ मी. × ०.३ मी. चौकडीतून (मोजून खणलेल्या खड्ड्यातून) २.७ घनमीटर माती निघते, खोली ०.२५ मी. नोंदली गेली तर २.२५, म्हणजे मजुरीचा सहावा हिस्सा गेला. म्हणून मूळ पातळीची खूण सांगणारा मातीचा खुंट मोजणी होईपर्यंत राखतात. मऊ माती, मुरूम व कठीण मुरूम यांचे दर वेगळे. मुरमाची नोंद माती म्हणून झाल्यास टोळीची दिवसाची मजुरी घटते. मोजणी लांबली की किराण्याची उधारी वाढते.

योजनेतून होणाऱ्या पाझर तलावांचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या तलावांचा, तळ सच्छिद्र मुरमाचा लागतो. गाळ बसला की पाझर मंदावतो. सांडवा (जादा पाण्याची वाट) अपुरा असताना पावसाळा गाठला तर बांधच फुटतो.

१९९० पासून योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली.