वरचा विस्तव : घरच्या केकच्या मागची जुनी गोष्ट

तवसाचं धोंडस खाल्लंय का कधी? कोकणात पावसाळा सरता सरता मोठ्या जून काकड्या निघतात, त्यांना तवसं म्हणतात, ती किसायची आणि तिच्याच सुटलेल्या पाण्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालून शिजवून घ्यायचं, मग जाड बुडाच्या पातेल्यात ते सगळं थापायचं, चुलीतली लाकडं बाहेर ओढून नुसते निखारे ठेवायचे आणि पातेल्यावर ताट झाकून त्या ताटावरही निखारे टाकायचे. खाली विस्तव, वर विस्तव. वरून खरपूस तांबूस झालं की झालं. हे बेकिंगच आहे की! म्हणून कोणी म्हणालं की केकबिक आपल्याकडे यूट्यूब बघून आला, तर मला ते पटत नाही. विदर्भातले गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे घ्या, खानदेशातल्या बट्ट्या घ्या, चारी बाजूंनी आच देऊन पीठ भाजायचं आपल्या बायकांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं. नव्हती ती फक्त बंद भट्टी, आणि भट्टीतून निघणाऱ्या जिनसांबद्दल घरात विश्वास.

भट्टी आली पोर्तुगीजांबरोबर. 1510 ला त्यांनी गोवा घेतला, त्यांना रोज पाव लागायचा, पण यीस्ट कुठून आणणार, मग माडाची सूर (म्हणजे माडी) घालून पीठ आंबवायला लागले आणि त्यातून गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, तयार झाले. आपला पाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच. पण मला त्याहून भारी वाटते ती बेबिंका. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, तूप, थोडा मैदा, याचा एक पातळ थर ओतायचा, वर निखाऱ्यांचं झाकण ठेवायचं, तो थर भाजला की त्यावर तूप आणि पुढचा थर, असे सात थर तरी हवेतच. इथे सगळा खेळ वरच्या आचेचा, खालची आच जास्त झाली तर तळाचा थर करपणार. अख्खी दुपार जाते त्यात. 2023 ला गोव्याच्या बेबिंकेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला, कारण तो घरातल्या बायकांच्या चिकाटीचा पदार्थ आहे. इकडे वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती) घरांत नाताळला रवा, खोबरं आणि अंडी घालून थाळी स्वीट करतात, तेही पूर्वी असंच वर-खाली निखारे ठेवून व्हायचं.

बाकीच्या महाराष्ट्रात मात्र पाव-बिस्किट बराच काळ उंबऱ्याबाहेर राहिलं. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं, अशा गोष्टी वसई-गोव्याकडच्या जुन्या लोकांनी ऐकलेल्या असतात. आणि पुण्याचं पंचहौद या ख्रिस्ती मिशनचं प्रकरण तर इतिहासात नोंदलेलंच आहे, 1890 मध्ये तिथे काही मंडळी जमली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, ही बातमी बाहेर फुटली आणि एवढं ग्रामण्य (धर्म बाटल्याचा, बहिष्काराचा वाद) झालं की टिळक आणि रानडे यांच्यासारख्या माणसांपर्यंत प्रायश्चित्ताचा विषय गेला. एका कप चहाने आणि बिस्किटाने! आज त्याच पुण्यात कॅम्पातल्या कयानीच्या (1955 ची बेकरी) श्रूजबेरीसाठी लोक रांगा लावतात, मुंबईत 1904 चं क्यानी आणि 1914 चं मेरवान या इराणी हॉटेलांनी मावा केक आणि खारी सर्वसामान्य माणसाच्या हातात दिली. इराणी लोकांचे आपल्यावर हे मोठे उपकार आहेत.

घर आणि भट्टी यांच्यामधला पूल म्हणजे नानकटाई. ती सूरतेची, डचांची बेकरी तिथल्या पारशी कामगाराकडे आली आणि त्यातून ही बिस्किटं निघाली असं सांगतात. अंडं नाही, यीस्ट नाही, त्यामुळे कुणाच्याच घरात अडचण नाही. आमच्याकडे दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात आई मैदा, पिठीसाखर, तूप मोजून डब्यात भरायची आणि आम्ही भावंडं ते घेऊन बेकरीत जायचो. तिथला कारागीर मोठ्या परातीत तूप-साखर तळहाताने फेसत बसायचा, पांढरं शुभ्र होईपर्यंत, मग मैदा, मग गोळे, मग पत्र्याचा काळा ट्रे. पावाची खेप निघाली की भट्टी जरा निवते आणि त्या उतरत्या आचेवर बिस्किटं जातात, हे मला तिथे उभं राहूनच कळलं. किलोमागे भाजणावळ द्यायची आणि गरम डबा फडक्यात गुंडाळून घरी. अजूनही बऱ्याच गावांत ही पद्धत आहे.

पण केक म्हटलं की अंडं आडवं यायचं. यात मला सगळ्यात लाडका माणूस म्हणजे इंग्लंडचा केमिस्ट आल्फ्रेड बर्ड. त्याच्या बायकोला अंडं आणि यीस्ट सोसायचं नाही, म्हणून त्याने 1837 मध्ये कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि 1843 मध्ये यीस्टशिवाय फुगणाऱ्या ब्रेडसाठी बेकिंग पावडर. एका आजारी बायकोसाठी केलेली गोष्ट, आणि ती शंभरेक वर्षांनी आपल्या शाकाहारी घरांच्या अगदी कामाची ठरली! पुण्यात 1956 ला वीकफिल्ड सुरू झालं आणि कस्टर्ड पावडर, बेकिंग पावडरचे डबे आपल्या वाण्याकडे दिसायला लागले. नेस्लेचा मोग्याचा कारखाना 1961 चा, मिल्कमेडच्या डब्याने तर बिनअंड्याचा केक घरोघर नेला. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर आणि आटवलेलं दूध दोन्ही असतं, त्याने केकला ओलावा आणि धरून ठेवणारा दाटपणा येतो, आणि फुगवायचं काम सोडा करतो, त्याला जोडीला दही किंवा व्हिनेगर हवं एवढंच. आंबट ताकात सोडा घातला की फसफसतं हे ढोकळा करणाऱ्या बाईला कोणी शिकवायला लागत नाही. लॉकडाऊनमध्ये बिस्किटं आणि इनोचा जो केक सगळ्यांनी केला त्यातही हेच, इनोच्या पुडीत सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड दोन्ही आधीच एकत्र असतात, पाणी किंवा दूध लागलं की लगेच गॅस सुटतो, म्हणून ते शेवटी घालायचं आणि पटकन भांडं आत ठेवायचं.

ओव्हनचं काय? काहींकडे झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन होता, बाकीच्यांकडे कुकर. शिट्टी काढायची, रिंग काढायची, तळाशी वाळू किंवा जाडं मीठ, त्यावर रिकामी ताटली, दहा मिनिटं तापवायचं आणि मग केकचं भांडं. वाळू आच सावकाश आणि सारखी सोडते. तरी कुकरचा केक वरून पांढुरकाच राहतो आणि त्याचं कारण तेच, वरचा विस्तव नाही. माझ्या आत्याला हे इतकं खुपायचं की ती केक झाला की तापलेला तवा त्याच्या वर अगदी जवळ धरून उभी राहायची, हात भरून यायचे तरी. धोंडसाच्या ताटावरचे निखारेच ते, तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिने आजीला बघितलं होतं.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं, बेकऱ्यांत गर्दी करायची नाही, वाढदिवस तर येतच होते, आणि तेव्हा कितीतरी घरांत ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आला तो कायमचा, त्यातल्या कितीतरी जणी आज ऑर्डरी घेतात. केकवरची कलाकुसर त्यांना इतकी पटकन कशी जमली याचं लोकांना नवल वाटतं, मला वाटत नाही. हलव्याचे दागिने आठवा. थंडीत पहाटे मंद शेगडीवर परात, त्यात तीळ किंवा खसखस किंवा साबुदाणा, वरून साखरेचा पाक अगदी थेंब थेंब आणि बोटांनी सतत हलवत राहायचं, बोटं पोळतात, काही दिवस रोज बसावं लागतं तेव्हा त्या दाण्यावर तो काटा फुलतो. मग त्याचे हार, बिंदी, बाजूबंद, मुकुट. रुखवतातही लाडू-चिरोट्यांची, साखरेची अख्खी मांडणी असायची, बैलगाडी, तुळशीवृंदावन, चूल-बोळकी. साखर हातात खेळवायची सवय होतीच. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलवरून सुमारे 100 किलोची कलाकृती उभी केली, खरं तर रॉयल आयसिंग म्हणजे पिठीसाखर घालून फेटलेला अंड्याचा पांढराच, पण इथे तोही वगळून!

आता डोहाळजेवणाच्या केकवर पैठणीचे काठ असतात, मोर असतात, आणि बोरन्हाणाच्या केकवर काही जणी फॉन्डंटचा (साखरेच्या मऊ लगद्याचा) हलव्याचा हार काढतात, प्रत्येक दाण्याला काटा टोचून टोचून.