क्षितिजाआडून येणारी दीड मिनिटं

दादरच्या चौपाटीवरून लांबची होडी बघितली की आधी डोलकाठी दिसते, होडीचं अंग मागाहून वर येतं. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा आपण शाळेत घोकलेला असतो. युद्धनौकेवरच्या माणसांचा जीव नेमका याच गोलाईवर टांगलेला असतो.

रडारच्या लहरीही जवळपास सरळच जातात, पृथ्वीच्या वळणाबरोबर किंचित वाकतात इतकंच. समजा, रडारचा अँटेना पाण्यापासून 25 मीटर उंच आहे आणि क्षेपणास्त्र लाटांच्या वर 4 मीटरवरून येतंय. हिशेब मांडला तर ते साधारण 29 किलोमीटरच्या आत येईपर्यंत रडारला दिसूच शकत नाही. सेकंदाला 300 मीटर वेगाने तेवढं अंतर कापायला त्याला दीड मिनिट पुरतं. प्रत्यक्षात तेवढाही वेळ हाती येत नाही, कारण खवळलेल्या लाटांवरून परतणाऱ्या लहरींच्या गर्दीत तो इवलासा ठिपका हरवून जातो. उरलेल्या वेळात तो ओळखायचा, खात्री करायची, हुकूम द्यायचा आणि मारा करायचा.

4 मे 1982. फॉकलंड युद्धात ब्रिटनची 'शेफील्ड' ही विनाशिका ताफ्याच्या पुढे पहाऱ्यावर होती. तिच्याकडे 'सी डार्ट' क्षेपणास्त्रं होती, पण ती मुख्यतः उंचावरून येणाऱ्या विमानांसाठी घडवलेली. अर्जेंटिनाच्या नौदलाची दोन 'सुपर एतांदार' विमानं समुद्राला बिलगून आली, क्षणभर वर उठून त्यांनी रडारने लक्ष्य टिपलं, जहाजांवर मारा करणारी दोन 'एक्झोसेट' क्षेपणास्त्रं सोडली आणि ती माघारी वळली.

त्या क्षणभर चालू झालेल्या रडारचा सुगावा शेजारच्या 'ग्लासगो' या ब्रिटिश विनाशिकेला लागला. तिने लगेच इशारा दिला आणि धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग हवेत उडवला. क्षेपणास्त्राला हा ढगच जहाज वाटावा, यासाठीची ही युक्ती. 'शेफील्ड'वरही शत्रूचं रडार हेरणारं यंत्र होतं. पण त्याच वेळी तिच्यावरून उपग्रहामार्फत संदेश जात होते आणि त्या प्रक्षेपणाच्या गोंगाटात ते यंत्र बहिरं झालं होतं. हवाई संरक्षणाचा अधिकारी नियंत्रण कक्षाबाहेर गेला होता. ताफ्याचं हवाई संरक्षण सांभाळणाऱ्या 'इन्व्हिन्सिबल' या विमानवाहू जहाजावर आधीच्या खोट्या इशाऱ्यांनी माणसं इतकी विटली होती की 'ग्लासगो'चा इशाराही त्यातच जमा झाला. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. यंत्र नादुरुस्त असेल तर ते दुरुस्त करता येतं, पण 'हाही खोटाच असणार' ही सवय कुठल्याही तपासणीत सापडत नाही.

'शेफील्ड'ने तंतूंचा ढग उडवला नाही, तोफाही डागल्या नाहीत. एक क्षेपणास्त्र उजव्या कुशीत घुसलं आणि आग विझवण्याच्या पाण्याची मुख्य नळवाहिनीच फुटली. आग भडकत गेली, पाणी मात्र येईना. 20 जण गेले. ओढून नेत असताना 10 मे रोजी जहाज बुडालं.

पाच वर्षांनी, 17 मे 1987 रोजी, पर्शियाच्या आखातात अमेरिकेच्या 'स्टार्क' या युद्धनौकेवर इराकी विमानाने सोडलेली दोन एक्झोसेट आदळली आणि 37 नौसैनिक मेले. आपोआप मारा करू शकणारी 'फॅलँक्स' तोफ जहाजावर होती, पण ती त्या अवस्थेत ठेवलेलीच नव्हती. मित्रांची जहाजं-विमानं आसपास वावरत असताना गोळी झाडण्याचा निर्णय यंत्राच्या हाती सोपवायला माणूस कचरतो, आणि मला ते समजू शकतं.

आपल्या इतिहासातही असाच एक प्रसंग आहे, फक्त तिथे क्षेपणास्त्रं आपली होती. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री मुंबईत तळ असलेल्या स्क्वाड्रनच्या क्षेपणास्त्र नौका कराचीसमोर पोचल्या. 'निर्घात'ने सोडलेलं पहिलं क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या 'खैबर' या विनाशिकेवरच्या खलाशांना चांगलं दिसलं होतं. अंधारातून एक लखलखीत दिवा आपल्याकडे सरकत येतोय, म्हणजे ते विमानच असणार असं समजून त्यांनी त्यावर विमानविरोधी तोफा चालवल्या. क्षेपणास्त्र आदळलं, बॉयलर निकामी झाला, जहाज जागीच थांबलं. त्यांनी बिनतारी संदेश पाठवला तो शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचा. मग दुसरं क्षेपणास्त्र आलं.